डावाओहून आलेला कापडाचा तुकडा आणि आमचे माग

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार वि. वि.

दिवाळीनंतरच्या मंडईचे (म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेचे) फोटो तुमच्या पेपरात आले ते पाहून हे पत्र लिहायला बसली. मी मोहाडी तालुक्यातली, कोष्ट्याच्या म्हणजे विणकराच्या घरची सून, ३५ वर्षं झाली मागासाठी धाग्याच्या कांड्या भरते. फोटो सुंदर होते, दंडारीचा, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या लोकनाट्याचा, तर एकदम मोठा, रंगीत, पण खाली "दंडार सादर करताना कलाकार" एवढंच लिहिलं होतं. त्यातला ढोलकीवाला आमच्या घरापासून चार घरं सोडून राहतो, उभं आयुष्य वाजवत आला. तो पेपर घडी करून खिशात घालून आमच्याकडे आला आणि म्हणाला, वहिनी, माहं नाव कुठं हाय का पाहून द्या बरं. त्याला वाचता येत नाही. मी पाहिलं, दोनदा पाहिलं. तक्रार म्हणून नाही लिहून राहिली साहेब, फोटो छापून आला ह्याचाच त्याला मोठा आनंद आहे, पण त्याच आठवड्यात आमच्या घरी एक कापडाचा तुकडा आला आणि दोन्ही गोष्टी मिळून डोक्यात जे सुरू झालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या लहान दिराची पोरगी फिलिपिन्सला डावाओ शहरात डॉक्टरकी शिकते. आपल्याकडची बरीच लेकरं तिकडं शिकायला जातात. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये तिचा व्हिडिओ कॉल आला, मागे नुसता गोंगाट, म्हणे मोठीआई, इथं काडायावान नावाचा सण चालू आहे, पीकपाण्याचे आभार मानायचा सण, आपल्या पोळ्याच्याच दिवसात येतो. त्या शहराच्या ११ मूळ जमाती आहेत, काही आदिवासी, काही मुसलमान, त्या सगळ्या आपापल्या हातानं विणलेल्या कपड्यात आपापली वाद्यं घेऊन रस्त्यावर येतात आणि अख्खं शहर बघायला उभं राहतं. तिच्या वर्गातल्या पोरींनी तिला विचारलं तुझ्या घरचं कापड कोणतं, तर हिनं सांगितलं माझे आजोबा हातमागावर टसरची साडी विणतात, मग त्या म्हणाल्या दाखव. आणि पोरीच्या बॅगेत होती मॉलमधून घेतलेली एक सिंथेटिक साडी. मोठीआई, माझ्याजवळ दाखवायला काहीच नव्हतं वो, असं म्हणताना तिचा आवाज एकदम बारीक झाला. कोष्ट्याच्या घरातली पोरगी! त्या रात्री मला झोप नाही आली. पुढच्या सुट्टीत परत जाताना मामाजींनी (म्हणजे माझे सासरे) स्वतःच्या हातची करवती किनारची साडी तिच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवली.

ह्या दिवाळीला ती आली तेव्हा आबाजीसाठी (म्हणजे मामाजींसाठी) तिकडचा एक तुकडा घेऊन आली, हातभर रुंद, दोन हात लांब असेल. काळा, लाल आणि मधे सुताचा मूळचा पांढरट रंग, त्याच्यात नागमोडी नक्षी. ह्याला टिनालाक म्हणतात. त्याच बेटावर, मिंडानाओवर, लेक सेबू नावाचं डोंगरातलं तळ्याकाठचं गाव आहे, तिथल्या टिबोली जमातीच्या बाया हे विणतात. मामाजी ८२ वर्षांचे आहेत. त्यांनी चष्मा काढून ठेवला, कापड दारातल्या उजेडात धरलं, अंगठ्याच्या नखानं कडेचा एक धागा जरासा उचलला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, हे विणताना नक्षी नाही काढली, ताणा आधी बांधून रंगवला हाय. पोरगी बघतच राहिली, कारण अगदी तसंच आहे. ताण्याचे, म्हणजे कापडातले उभे, धागे फ्रेमवर ताणून जागोजागी गाठी मारून बांधतात, रंगात बुडवतात, बांधलेल्या जागी रंग चढत नाही, मग काही गाठी सोडून दुसऱ्या रंगात बुडवतात, आधी काळा मग लाल, आणि ह्या सगळ्याला कागदावर डिझाईन नाही, सगळं बाईच्या डोक्यात. मग विचारलं, धागा कायचा होय? सूत नाही, रेशीम नाही. तर तो अबाका, केळीच्या जातीचं झाड, त्याचं फळ खायच्या कामाचं नाही पण खोडाच्या सालीतून लांबच लांब तंतू निघतो, जहाजाचे जाडजूड मनिला दोर ह्याचेच करायचे. तोच तंतू एवढा बारीक निवडून त्याची टोकाला टोक गाठ मारत मारत धागा करतात, आणि गाठ बोटाला लागत नाही. मामाजींनी त्या तुकड्यावर गाठ शोधली, सापडली तेव्हा हसले. म्हणे आपल्या आजीनं मांडीवर टसर वळला तसाच हा जीव लावून केलेला धागा हाय.

शेवटी विचारलं ही चमक कशाची, खळ तर दिसत नाही. पोरीनं सांगितलं की विणून झाल्यावर कवडीनं घासतात, दाबून दाबून, तेव्हा ही झाक येते. कवडी! आमच्याकडं पाजणीला, म्हणजे ताण्याला खळ लावायला, कुंचला लागतो, तिकडं कवडी.

रंगपण बाजारातला नाही, काळा एका झाडाच्या पानांपासून आणि लाल एका झाडाच्या मुळांपासून, उकळून उकळून. विणायचा माग म्हणजे खड्डा नाही की चौकट नाही, एक टोक घराच्या लाकडाला बांधायचं आणि दुसरं पट्ट्यानं स्वतःच्या कमरेला, बाई मागं रेलली की ताणा ताणला जातो, पुढं झाली की सैल. म्हणजे बाईच मागाचा अर्धा भाग झाली. त्यांचं मानणं असं की अबाकाची एक देवता आहे, फू दालू, ती विणणारणीच्या स्वप्नात येऊन नक्षी दाखवते, म्हणून त्या बायांना स्वप्न विणणाऱ्या म्हणतात. जिला स्वप्न पडत नाही ती आईची आजीची नक्षी विणते. कापड ओलांडायचं नाही, त्याच्यावर पाय द्यायचा नाही, कापायचंसुद्धा नाही असा जुन्या लोकांचा नेम. माझ्या जावेच्या मनात त्याचं ब्लाऊज शिवायचं होतं, हे ऐकून तिनं कपाळाला लावून ते परत घडी केलं. आम्हाला हे काही नवल वाटलं नाही, आमच्याकडं धोट्याला (आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नळीला) पाय लागला तर आपण पाया पडतो, दसऱ्याला मागाला हळदकुंकू वाहिल्याशिवाय कोणी जेवत नाही. आणि दुपारच्या उन्हात टिबोली बाया विणत नाहीत, अबाका वाळून कडक होतो आणि तुटतो, सकाळी नाहीतर संध्याकाळी गारव्यात बसतात. मे महिन्यात आमच्याकडं धागा कसा तुटतो ते कोणत्याही कोष्ट्याला विचारा.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहिलं ते. त्या लेक सेबूमध्ये लांग दुलाय नावाची एक विणकर बाई होऊन गेली. १२ वर्षांची असताना आईजवळ शिकली आणि म्हातारी झाली तरी विणत राहिली, शंभराच्या आसपास नक्ष्या तिच्या डोक्यात होत्या, फुलपाखरू, ढग, मगर, सगळं. १९९८ मध्ये तिच्या देशानं तिला राष्ट्रीय सन्मान दिला, गावाद सा मानलिलिखा नांग बायान असं त्याचं नाव, म्हणजे देशासाठी घडवणाऱ्यांचा सन्मान, साध्या भाषेत जिवंत खजिना. २०१५ मध्ये ती वारली. हा सन्मान म्हणजे शाल श्रीफळ आणि फोटो असं नाही. त्यासाठी १९९२ मध्ये त्यांनी कायदा केला, ७३५५ नंबरचा. ज्याला निवडलं त्याला एकदा मोठी रक्कम, पुढं दर महिन्याला मानधन, आणि त्याच्यासोबत एक जबाबदारी की हातातली कला पुढच्या पोरांना शिकवायची. म्हणजे पैसे दया म्हणून नाही, मास्तर म्हणून. लांग दुलायनं लेक सेबूत पोरींना शिकवलं. त्याच गावची बार्बरा ओफोंग, तीपण टिनालाक विणणारी, तिला २०२३ मध्ये हाच सन्मान मिळाला. आणि त्याच वर्षी, त्याच यादीत, तिथलीच रोझी सुला, ती विणत नाही, ती गाते, टिबोलींच्या जुन्या वीराची लांबच लांब गाथा तिच्या तोंडपाठ आहे. एकाच गावातली एक विणणारी आणि एक गाणारी, दोघींची नावं देशाच्या यादीत बाजूबाजूला. मला हे इतकं आवडलं साहेब की मी ती दोन्ही नावं वहीत लिहून ठेवली.

गाणंबजावणं त्यांनी कधी मागं नाही ठेवलं हेही सांगते. १९९३ मध्ये पहिल्यांदा तीन जणांना हा मान दिला तेव्हा त्यात सामाओन सुलेमान होता, मागिंदानाओ ह्या मुसलमान समाजाचा, कुत्यापी वाजवणारा. कुत्यापी म्हणजे लांब होडीसारखं लाकडी वाद्य, दोनच तारा, एका तारेवर सूर धरून ठेवायचा आणि दुसरीवर चाल वाजवायची, आणि पडदे बसवलेले असतात मधमाशीच्या मेणात. पोरीनं मोबाईलवर लावलं तेव्हा आमचे ढोलकीवाले भाऊजीपण बसले होते, त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, हे त परधानाच्या किंगरीसारखं बोलते वो. किंगरी, गोंडांच्या परधान गायकांचं तंतुवाद्य, गजानं वाजते आणि कुत्यापी बोटानं छेडतात, पण त्यांना जे ऐकू आलं ते मला कळलं, तसंच एकट्या माणसाचं, रात्रीचं, गोष्ट सांगणारं. मग कुलिंतांग लावलं. ह्यात सहसा आठ पितळी थाळ्या असतात, मधोमध फुगीर बोंडी असलेल्या, लहान मोठ्या अशा ओळीनं एका लाकडी घोडीवर मांडलेल्या, आणि वाजवणारी दोन काठ्यांनी वाजवते, सोबत टांगलेले मोठे घंटे आणि ढोल. लग्नात, सणात वाजवतात. लिहिलेलं काही नाही, लहानपणी शेजारी बसून ऐकायचं, हात शिकतो. भाऊजींचा हात मांडीवर आपोआप चालू झाला होता. दोनदा परत लावायला सांगितलं. पोरीनं सांगितलं की त्यांच्याकडं १९९५ पासून गावोगावी जिवंत परंपरेच्या शाळा चालवतात, जाणत्या म्हाताऱ्याजवळ पोरं येऊन बसतात, विणणं असो, वाजवणं असो, जुनं गाणं असो. भाऊजी एवढंच म्हणाले, माह्याजवळ कोणी बसत नाही.

एक गोष्ट मला बाई म्हणून बोलायची आहे. टिनालाक विणणारी बाईच असते, म्हणून नाव बाईचं झालं. आमच्यात मागावर पुरुष बसतो. पण साडी काय फक्त मागावर होते का? धिवर समाजाचे लोक जंगलात ऐनाच्या झाडावर किडे राखतात, पाखरांपासून कोसा (टसरच्या किड्याचा कोष) सांभाळतात, ती मेहनत कोणी पाहत नाही. कोसा उकळून धागा काढते बाई, कांड्या भरते बाई, ताण्याला खळ लावून पाजण करताना उन्हातान्हात दुसऱ्या टोकाला उभी राहते बाई. मी नवीन लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात रहाटावर बसवलं, धागा ओढताना बोट कापायचं, त्या हळद लावून द्यायच्या आणि म्हणायच्या सैल सोड, ओढू नको, धागा स्वतःहून येते. त्या जाऊन १२ वर्षं झाली. त्यांच्या हाताचा धागा ज्या साड्यांत गेला त्या साड्या नेसून कितीतरी बायांची लग्नं लागली असतील, पण विणकर म्हणून त्यांचं नाव कोणत्याच कागदावर नाही, विणकराचं कार्ड मामाजींच्या नावानं.

आणि करवती किनार म्हणजे काय हे आपल्याच लोकांना सांगावं लागते, म्हणून सांगते. मधलं अंग टसरचं, काठ सुती, आणि काठ जिथं अंगाला भेटतो तिथं करवतीच्या दातासारखे दात. त्यासाठी एकाच वेळी तीन धोटे चालतात, दोन काठांचे दोन आणि मधला एक, आणि प्रत्येक फेरीला काठाचा धागा आणि अंगाचा धागा एकमेकात अडकवून परत फिरवावा लागतो. एक फेरी चुकली तर दात वाकडा. ह्याला जीआय टॅग, म्हणजे हा माल ह्याच भागाचा अशी सरकारी ओळख, मिळालेला आहे, चांगलं आहे. पण टॅग कापडाला मिळाला, मामाजींच्या हाताला नाही. बाजारात छापील दाताच्या साड्या चौथ्या हिश्श्याच्या भावात मिळतात आणि गिऱ्हाईकाला फरक कळत नाही, कारण कोणी शिकवलंच नाही. आमच्या मोहल्ल्यात मी आली तेव्हा गल्लीच्या दोन्ही बाजूनं धोट्याची खटखट, रात्री ती थांबली की लहान लेकरू जागं व्हायचं. आता तीन माग चालू आहेत, तिन्हीवर साठीच्या पुढचे.

तिकडं फिलिपिन्समध्ये सगळं सोन्याचं आहे असं मी म्हणत नाही. त्यांचीही पोरं कामासाठी देशोदेशी जातात, जहाजावर, दवाखान्यात, घरकामाला, माग सुना पडतो तो पडतोच. तरी त्यांनी सोडलं नाही. उत्तरेला इलोकोसमध्ये सुती कापड विणतात, इनाबेल, आपल्यासारखं कापसाचं, भोवऱ्यासारखी नक्षी असते की बघताना डोळे गरगरतात, तिथल्या मागदालेना गामायो ह्या १९२४ साली जन्मलेल्या बाईंना २०१२ मध्ये तोच मान दिला, वयाच्या ८८ व्या वर्षी. आकलान भागात अननसाच्या पानातून धागा काढतात, फुटक्या चिनीमातीच्या बशीच्या तुकड्यानं पान खरवडून, आणि त्याचं इतकं झिरझिरीत कापड होते की कापडाखालून हात दिसते, ते विणकाम २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. आणि २००४ मध्ये कायदा केला की सरकारी नोकरांच्या गणवेशाला देशातल्या झाडापानांच्या धाग्याचं कापड वापरायचं. आपल्याकडं मंत्रालयापासून शुक्रवारी खादी घाला असं निघालं होतं, चांगलं होतं, पण आपल्या जिल्ह्याच्या कचेरीत एखाद्या साहेबाच्या अंगावर आपल्याच जिल्ह्याचं टसर मी तरी कधी पाहिलं नाही. यवतमाळ अमरावतीला कापूस पिकतो, आमच्या जंगलात कोसा होतो, आणि आम्हीच सिंथेटिकमध्ये.

राज्य सरकार वृद्ध कलावंतांना मानधन देते, ते मिळायलाच पाहिजे, त्यानं औषधपाणी होते. पण मी म्हणते त्याला शिकवणं जोडा. तालुक्यातल्या ज्या म्हाताऱ्या माणसाला करवती येते, दंडारीची जुनी गाणी येतात, भुलाबाईची पूर्ण गाणी येतात (आमच्या शेजारच्या आजीला इतकी येतात की अर्ध्या रात्री संपत नाहीत), त्याची यादी करा, नाव, गाव, काय येते ते लिहून. आठवड्यातून एक दिवस झेडपीच्या शाळेतली चार पोरं त्याच्याजवळ पाठवा, नाहीतर त्यालाच शाळेत बोलवा आणि मास्तरसारखा पगार द्या, खुर्ची द्या. विणकराच्या कार्डावर कांडी भरणाऱ्या बाईचंही नाव टाका. ७ ऑगस्टला हातमाग दिवस येतो, २०१५ पासून साजरा होते, त्या दिवशी साहेब लोक येऊन मागावर बसून फोटो काढतात, त्या दिवशी निदान ज्याचा माग आहे त्याला बसू द्या आणि साहेबांनी खाली बसून पाहावं. हे काही कोटीचं काम नाही. आणि मंत्रालयातून आदेश निघायची वाट पाहायचीपण गरज नाही, ग्रामपंचायत हे करू शकते, शाळा करू शकते, तुमचा पेपर तर उद्याच करू शकतो.

पोरगी गेल्या आठवड्यात परत गेली. जायच्या आधी चार दिवस ती मामाजींजवळ बसली, पहिल्यांदाच, धोटा फेकायला शिकली, दोन बोटं विणलं, दात वाकडे आले, मामाजींनी ते उसवू दिलं नाही. म्हणे राहू दे, हे तुह्या नावाचं. तो टिनालाकचा तुकडा त्यांनी देवघराच्या बाजूला भिंतीवर लावला आहे, सकाळी मागावर बसण्याआधी तिकडं एकदा बघतात.

तुमचा बातमीदार पाठवाल तर फार बरं होईल. कोणालाही कोष्टी मोहल्ला विचारा, सांगतील. ढोलकीवाल्या भाऊजींना मी बोलावून ठेवीन, भुलाबाईवाल्या आजीपण येतील, आणि त्यांना सगळ्यांची पूर्ण नावं नीट लिहून घ्यायला सांगा. फक्त सकाळी आठ ते दहाच्या मधात पाठवा, तेव्हाच दारातला उजेड सरळ ताण्यावर पडतो, त्यानंतर मामाजींना धागा दिसत नाही.

आपली नेहमीची वाचक,
कोष्टी मोहल्ला, ता. मोहाडी, जि. भंडारा